उजेडाचा जमाखर्च

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर गच्चीवर झालेल्या सभेतील भाषण)



मला विषय दिलाय ‘घरातले दिवे आणि वीजबचत’. मी इंजिनिअर नाही. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. समोर आलेल्या प्रत्येक अर्जाला तीन प्रश्न विचारायचे, ही सवय अजून गेलेली नाही. पैसे किती घालणार? परत किती येणार? आणि किती दिवसांत येणार? आज हेच तीन प्रश्न मी दिव्यांना विचारणार आहे. आणि शेवटी एक चौथा प्रश्न विचारणार आहे, तो आपल्या जिन्याबद्दलचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपल्या पिढीला उजेड वॅटमध्ये मोजायची सवय. चाळीसचा बल्ब म्हणजे मिणमिणता, साठचा म्हणजे बरा, शंभरचा म्हणजे लग्नघर. पण वॅट हे विजेचं माप आहे, उजेडाचं नाही. उजेडाचं माप ल्युमेन. खोक्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात. वॅट हा खर्चाचा आकडा, ल्युमेन हा जमेचा. जुना साठ वॅटचा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा. आजचा ९ वॅटचा एलईडी बल्ब तेवढा किंवा थोडा जास्तच देतो.

मग जुन्या बल्बातली बाकीची वीज जायची कुठे? हात लावून पाहिला असेल तर उत्तर माहीत आहे. चटका बसायचा. त्या बल्बात तार तापून लाल-पिवळी व्हायची आणि तापता तापता थोडा उजेड द्यायची. शंभरातले नव्वदच्या वर भाग उष्णतेत जायचे. म्हणजे आपण शेगडी लावायचो आणि तिच्या उजेडात पेपर वाचायचो. एलईडीत तार तापवायची नसते. तिथे अर्धवाहकाच्या चिपमधून थेट प्रकाश निघतो. लाल एलईडी १९६२ पासून आहेत, पण निळा बनवणं अवघड होतं, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड जमत नव्हता. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी ते जमवलं, त्याबद्दल त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या स्वयंपाकघरातल्या बल्बात निळी चिप असते, आणि तिच्यावरच्या पिवळसर लेपामुळे आपल्याला पांढरा उजेड दिसतो.

आता हिशेब. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण एक तास. दर सोपा पडावा म्हणून युनिटला दहा रुपये धरतो. आपापलं बिल बघून कमीजास्त करून घ्या.

साठ वॅटचा बल्ब रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट. ९ वॅटचा एलईडी लावला तर १.३५ युनिट. वाचले ७.६५ युनिट, म्हणजे सुमारे ७६ रुपये. बल्बला शंभर रुपये पडले असं धरलं तर दीड महिन्याच्या आत मुद्दल वसूल. माझ्या नोकरीत असा कर्जदार एकही भेटला नाही.

जुनी ट्यूबलाइट घ्या. तिच्यावर लिहिलेलं असतं ४० वॅट, पण तिचा तांब्याचा चोकही वीज खातो. दोन्ही मिळून ५५च्या आसपास. २० वॅटची एलईडी पट्टी लावली तर ३५ वॅट वाचतात. रोज ६ तासांचे महिन्याला ६.३ युनिट, त्रेसष्ट रुपये. पट्टी तीनशेला आली तरी पाच महिन्यांत फिटली.

आणि आपल्या सगळ्यांच्या घरात असलेला तो ‘झिरोचा बल्ब’! नाव झिरो, पण जुना तारेचा झिरो १५ वॅटच्या आसपास घेतो. रात्रभर दहा तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट, पंचेचाळीस रुपये. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प तेवढ्याच वेळात दीड रुपयाची वीज घेतो.

पण सरसकट सगळंच बदला असं मी म्हणणार नाही. बाथरूममधला साठचा बल्ब दिवसाला वीस मिनिटं लागत असेल, तर तो बदलून महिन्याला जेमतेम पाच रुपये वाचतात. मुद्दल फिटायला वीस महिने. कुणाकडे अजून १५ वॅटचे सीएफएल असतील, ते वळणदार नळीचे, तर त्यांच्यात आणि एलईडीत फरक सहा वॅटचा. रोज ५ तास लावून महिन्याला नऊ रुपये. असे दिवे गेले की मगच बदला. कागद-पेन्सिल घ्या आणि घरातल्या प्रत्येक दिव्यापुढे तो रोज किती तास जळतो ते लिहा. जास्त तासवाला आधी. यादी आपोआप लागते.

आणखी एक बारकावा. महावितरणचं बिल टप्प्यांचं असतं. पहिली शंभर युनिटं स्वस्त, मग तीनशेपर्यंत महाग, पुढे पाचशेपर्यंत त्याहून महाग. तुम्ही युनिट वाचवता ते वरच्या टप्प्यातलं वाचतं, म्हणजे तुमचं सर्वांत महागडं. ज्यांचं बिल ३१०-३२० युनिटांवर येतं, त्यांना हा फरक लगेच दिसेल.

ही किमया स्वस्त कशी झाली, तेही सांगायला हवं. केंद्र सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. आपल्यातले कितीतरी जण वीजबिल हातात घेऊन रांगेत उभे होते, आठवत असेल. एकाच वेळी कोट्यवधी बल्बांची घाऊक खरेदी केल्यामुळे, जो बल्ब २०१४ साली सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. देशभरात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. आणि हे सगळे दिवे संध्याकाळी एकाच वेळी लागतात, ज्या वेळी विजेची ओढाताण सर्वांत जास्त असते. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं ज्यांनी काढली, मेणबत्तीत मुलांचे अभ्यास घेतले, त्यांना या गोष्टीचं मोल वेगळं समजावायला नको.

विकत घेताना चार गोष्टी बघा. पहिली, वॅट नव्हे, ल्युमेन. दुसरी, बीईईचे तारे. जास्त तारे म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त उजेड. तिसरी, रंग. खोक्यावर केल्विन लिहिलेलं असतं. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळसर, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र. निजायच्या खोलीत आणि देवघरात पिवळसर बरा, ओट्यावर पांढरा. ‘एलईडीचा उजेड दवाखान्यासारखा वाटतो’ अशी तक्रार करणाऱ्यांनी एवढं बघून घ्यावं. चौथी, पूर्ण बंद काचेच्या हंडीत एलईडी कोंडू नका. तो तारेच्या बल्बाइतका तापत नाही, पण त्याच्या आतल्या सर्किटला उष्णता सोसत नाही आणि आयुष्य कमी होतं.

दोन सूचना सुरक्षिततेच्या. बटण बंद केल्यावरही एलईडी अंधूक पेटलेला राहत असेल तर भूतबीत काही नाही. बटणातल्या छोट्या इंडिकेटरमुळे तसं होतं, किंवा मग बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात दिवा बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. वायरमनला बोलावून तपासून घ्या, स्टुलावर स्वतः चढू नका. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवतानाही चोक-स्टार्टरचं काम त्याच्याकडूनच करून घ्या. दुसरी सूचना, सीएफएल आणि जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, दहा मिनिटांनी जाड पुठ्ठ्याने काचा उचला, व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका. आणि घंटागाडीत ओल्या कचऱ्याबरोबर कधीही टाकू नका.

आता तो चौथा प्रश्न. वाचलेल्या पैशाचं करायचं काय?

आपल्या दोन विंग, तळमजला धरून पाच मजले, म्हणजे मजल्यांवरचे दहा दिवे. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा चालू. जुन्या ट्यूब होत्या तेव्हा ते महिन्याला १९८ युनिट घ्यायचे. एलईडी पट्ट्या लावल्यावर ७२ झाले. दरमहा १२६ युनिट वाचली, माझ्या दराने वर्षाला पंधरा हजार रुपये. कमिटीचं अभिनंदन करायलाच हवं, आणि मी ते मनापासून करतो. पण त्याच उत्साहात अर्ध्या जिन्यावरचे, वळणावरचे आठ दिवे काढून टाकले गेले. मजल्यांवर दिवा आहे, तेवढा पुरे, असा विचार होता. गेल्या पावसाळ्यात ‘ब’ विंगेतल्या एका आजींचा पाय तिथेच चुकला. पायरी ओली होती, वळणावर अंधार होता, आणि शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही. खुब्याचं हाड मोडलं. आता त्या चालतात, पण वॉकर घेऊन, आणि चौथ्या मजल्यावरून खाली आल्या नाहीत त्याला सहा महिने झाले. आज या गच्चीवर त्यांची खुर्ची हवी होती.

मंडळी, पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण पन्नाशीच्या आत-बाहेर होतो. आता जिन्यात कठड्याला धरून चढणारे जास्त आहेत. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं, आणि आत पोचणारा उजेड कमी होतो. तीच पायरी बघायला साठी-सत्तरीच्या माणसाला विशीतल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. नातवाला लख्ख दिसणारा जिना आजोबांना अंधारा असतो, यात डोळ्यांचा दोष आहे, चालण्याचा नाही.

त्या आठ वळणांवर ९ वॅटचे बल्ब रात्रभर ठेवायचे तर खर्च किती? महिन्याला सुमारे २६ युनिट. दोनशे साठ रुपये. चाळीस घरांत वाटले तर घरटी साडेसहा रुपये. चहाच्या टपरीवर तेवढ्यात एक कटिंगही मिळत नाही. आणि वाचलेल्या १२६ युनिटांमधून ही २६ गेली तरी शंभर शिल्लक राहतातच.

आपण लहानपणी ‘दिवा बंद कर’ ऐकत वाढलो. ती शिकवण खरी होती, कारण तेव्हा उजेड महाग होता. रिकाम्या खोलीतला दिवा आजही बंदच करायचा. बाल्कनीत रात्रभर लुकलुकणाऱ्या माळा ‘एलईडीच तर आहे’ म्हणून चालू ठेवायच्या, हेही मला पटत नाही. पण जिथे पाऊल पडतं, जिथे आजी औषधाची पट्टी वाचते, जिथे सूनबाई सुरीने भाजी चिरते, तिथे उजेडात काटकसर नको. नव्या दिव्याने आपल्याला सवलत दिली आहे, ती आधी तिथे खर्च करू.

म्हणून माझ्या तीन विनंत्या. आज घरी गेल्यावर दिव्यांच्या तासांची ती यादी करा. नातवंडांना बसवा करायला, त्यांचं गणितही होईल. वॉचमनच्या केबिनजवळ जुन्या सीएफएल आणि ट्यूबसाठी एक वेगळं खोकं ठेवू, भरलं की कमिटीने ई-कचऱ्यात द्यावं. आणि तिसरी, येत्या सर्वसाधारण सभेत अर्ध्या जिन्यावरचे आठ दिवे परत लावण्याचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन द्यायला जे तयार असतील त्यांनी खाली उतरण्यापूर्वी मला नाव सांगावं. चहा तयार आहे असं दिसतंय, तेव्हा थांबतो.