म्हाताऱ्या उपग्रहाची नाडीपरीक्षा

मृगाचें नक्षत्र लागलें म्हणजे बीड जिल्ह्यांतील शिरूर कासारच्या परिसरांत प्रत्येकाची दृष्टि आकाशाकडे लागते. सिंदफणेच्या कांठचें हें तालुक्याचें गांव सह्याद्रीपासून दूर, पर्जन्यछायेच्या प्रदेशांत वसलेलें आहे. समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर आपला बराचसा भार उतरवितात आणि मग इकडे वळतात. पाऊस वेळेवर आला तर बाजरी, तूर, कापूस हीं पिकें तरारून उभीं राहतात. तो रुसला तर दसऱ्यानंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन, हातांत कोयता धरून, ऊसतोडीला जाण्यावांचून अनेक कुटुंबांना गत्यंतर राहत नाहीं.

अशा मुलखांत पाऊस किती पडला हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नसतो. २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे महाराष्ट्रांत ती अतिवृष्टि धरली जाते. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आंकडा त्या रेषेच्या अलीकडे राहिला कीं पलीकडे गेला, यावर कित्येकांच्या नुकसानीची दाद लागणें न लागणें अवलंबून असतें. आकाशानें आपलें काम केलें. शेतकऱ्यानेंही आपलें केलें. परंतु मोजणारें भांडेंच कललेलें असलें किंवा त्याच्या तोंडांत पालापाचोळा अडकला असला, तर न्याय व्हावा कसा? पाऊस मोजणाऱ्या यंत्राची प्रकृति कोण पाहतो, हा प्रश्न म्हणून पावसाइतकाच महत्त्वाचा आहे.

गांवांतील पर्जन्यमापक वांकडा झाला तर माणूस चार पावलें चालून जातो आणि तो सरळ करतो. परंतु तेंच मापनाचें काम करणारें यंत्र जमिनीपासून ८६७ किलोमीटर उंचीवर, सेकंदाला सात किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असेल तर त्याला हात कोण लावणार? ‘मेघा-ट्रॉपिक्स’ या उपग्रहाच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

भारतीय अंतराळ संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, आणि फ्रान्सची सीएनईएस ही अंतराळसंस्था यांनीं मिळून हा उपग्रह सिद्ध केला. १२ ऑक्टोबर २०११ रोजीं श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी१८ या अग्निबाणानें त्याला कक्षेंत पोंचविलें. त्याचें वजन सुमारें १००० किलोग्रॅम होतें आणि त्याच्याकडून ३ वर्षांच्या सेवेची अपेक्षा होती. नांवांतील पहिला शब्द संस्कृत, दुसरा फ्रेंच. आणि दोहोंचा मिळून अर्थ त्याच्या कामाचाच निदर्शक. उष्ण कटिबंधांतील मेघ कसे जमतात, बाष्प कोठून कोठें जातें, सूर्याची उष्णता त्या प्रदेशांत कशी येते आणि कशी परत जाते, हें त्यानें पाहावयाचें होतें.

त्याची कक्षा विषुववृत्ताशीं अवघ्या २० अंशांनीं कललेली होती. त्यामुळें २० अंश उत्तर आणि २० अंश दक्षिण यांच्यामधील पट्ट्यांतूनच तो येरझारा घाली. शिरूर कासारचा अक्षांश १९ अंशांच्या किंचित वर आहे. म्हणजे उपग्रह आपल्या मार्गाच्या उत्तर टोकाला पोंचून जेथें दक्षिणेकडे वळे, त्या वळणाजवळच हें गांव येतें. त्याची एक प्रदक्षिणा सुमारें १०२ मिनिटांत पुरी होई. ध्रुवांवरून जाणारा उपग्रह उष्ण कटिबंधांतील एखाद्या ठिकाणावरून दिवसांतून साधारण दोनदां, आणि तोही ठराविक वेळींच, जातो. दुपारीं उठलेला ढग सायंकाळीं कोसळून मोकळा झाला तर त्याला पत्ताही लागत नाहीं. मेघा-ट्रॉपिक्सची दृष्टि मात्र एकाच ठिकाणावर दिवसांतून अनेकदां पडे, आणि तीही निरनिराळ्या घटकांना.

उपग्रहावर चार उपकरणें होतीं. ‘मद्रास’ हें पाऊस आणि ढगांतील पाणी व हिमकण ओळखण्यासाठीं. ‘सफीर’ हें हवेच्या निरनिराळ्या थरांतील बाष्प मोजण्यासाठीं. ‘स्कारब’ हें पृथ्वीवरून परत जाणारा प्रकाश व उष्णता मोजण्यासाठीं. आणि ‘रोसा’ हें दुसऱ्या उपग्रहांचे संदेश वातावरणांतून येतांना किती वांकतात यावरून हवेची स्थिति अजमावण्यासाठीं.

असा उपग्रह एकदां आकाशांत गेला आणि त्याचें छायाचित्र वर्तमानपत्रांत आलें, कीं काम संपलें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः निराळ्या आणि अधिक चिकाटीच्या कामाला त्या दिवशीं आरंभ होतो. इस्रोचें बंगळूरु येथील ‘इस्ट्रॅक’ हें केंद्र उपग्रहांची ही सेवा करतें. एवढ्या उंचीवरचा उपग्रह एखाद्या भूस्थानकाच्या दृष्टिपथांत येतो तो फार तर पाव तासापुरता. तेवढ्या अवधींत तो आपल्या प्रकृतीचें वृत्त बिनतारी संदेशानें खालीं धाडतो. याला दूरमापन म्हणतात. विद्युत्घटाचा दाब किती आहे, सौरपट्ट्यांकडून प्रवाह किती मिळतो, कोणती पेटी किती तापली आहे, तोल सांभाळणारीं चक्रें कोणत्या गतीनें फिरत आहेत, इंधनाच्या टांकींत दाब किती उरला आहे, गणकयंत्राच्या स्मृतींत किती चुका शिरल्या, असे आंकडे एकामागून एक उतरत जातात. त्याच पाव तासांत पुढच्या कामाच्या आज्ञा वर चढवावयाच्या असतात. मग उपग्रह क्षितिजाखालीं जातो आणि पुन्हां दिसेपर्यंत त्याला एकट्यानेंच संसार करावा लागतो.

पाळीवर बसलेला माणूस प्रत्येक आंकडा खालच्या आणि वरच्या मर्यादेच्या आंत आहे कीं नाहीं हें प्रथम पाहतो. परंतु अनुभवी माणूस तेवढ्यानें निश्चिंत होत नाहीं. तो आजचा आंकडा कालच्या आंकड्याशेजारीं, गेल्या महिन्याच्या आणि गेल्या वर्षाच्या आंकड्याशेजारीं मांडून पाहतो. मोटेचा नाडा एका दिवसांत तुटत नसे. आधीं एक पीळ उसवे, मग दुसरा. आणि जाणता शेतकरी रोज हात फिरवून तो पीळ ओळखी. मर्यादा ओलांडली म्हणजे धोक्याची घंटा वाजते खरी, पण घंटा वाजेपर्यंत वाट पाहिली तर पुष्कळदां उपाय उरत नाहीं.

विद्युत्घटाचेंच उदाहरण घेतां येईल. प्रत्येक प्रदक्षिणेंत सुमारें अर्धा तास हा उपग्रह पृथ्वीच्या सावलींतून जाई. तेवढा वेळ सौरपट्ट्या निरुपयोगी होत आणि सारा भार घटावर पडे. उजेडांत आल्यावर घट पुन्हां भरावा लागे. हें दिवसांतून चौदा वेळां. वर्षाकांठीं पांच हजारांहून अधिक वेळां. घराघरांतून भ्रमणध्वनीचा घट दोनतीन वर्षांत थकतो हें सर्वांच्या परिचयाचें आहे. येथें तर घट बदलणारा कारागीर पोंचूं शकत नाहीं. म्हणून कोणतें उपकरण केव्हां चालवावें, घट किती रिता होऊं द्यावा, किती वेगानें भरावा, याचा हिशेब सांभाळणें हेंच त्याचें औषध. उपग्रहांतील महत्त्वाच्या अंगांच्या जोड्या ठेवलेल्या असतात. एक निकामी झालें तर दुसऱ्यावर काम चालतें. परंतु दुसरें चालूं लागलें कीं पाठीमागें आधार राहत नाहीं.

मेघा-ट्रॉपिक्सवर संकट आलें तें वार्धक्याची वाट न पाहतां. जानेवारी २०१३ मध्यें, म्हणजे प्रक्षेपणाला सव्वा वर्षच झालें असतां, ‘मद्रास’ या उपकरणाची फिरणारी यंत्रणा बिघडली आणि त्याचें कार्य थांबलें. पाऊस ओळखण्याचें मुख्य साधनच गेलें. ज्या हेतूनें उपग्रह पाठविला तो हेतुच फसला, असें म्हणून हताश होणें त्या वेळीं सोपें होतें. परंतु एक इंद्रिय गेलें म्हणजे देह गेला असें नव्हे. घट भरत होता, तोल टिकून होता, संदेश येत होते आणि ‘सफीर’ची दृष्टि शाबूत होती.

‘सफीर’ थेट पाऊस मोजण्यासाठीं केलेलें नव्हतें. बाष्प ज्या सूक्ष्म लहरींना शोषून घेतें त्या लहरींच्या आसपासच्या सहा पट्ट्यांत तें पाही आणि त्यावरून निरनिराळ्या थरांतील आर्द्रता कळे. परंतु बाष्प हें पावसाचें भांडवल आहे. ढग जमण्यापूर्वीं हवेंत तें किती साठलें आहे, याचें ज्ञान हवामानाच्या अनुमानाला फार मोलाचें असतें. अथांग सागरावर, जेथें पर्जन्यमापक ठेवण्याला जागाच नाहीं, तेथें तर हें ज्ञान आकाशांतूनच मिळावयाचें. सफीरचीं मापनें अनुमान करणाऱ्या गणितांत घेतलीं जाऊं लागलीं, आणि पावसावर लक्ष ठेवणाऱ्या निरनिराळ्या देशांच्या उपग्रहांच्या जोडीला हा एका उपकरणाला मुकलेला उपग्रहही उभा राहिला.

मात्र उपकरण चालूं आहे एवढ्यावरून तें खरें सांगतें असें ठरत नाहीं. जुना तराजू तोलतो, पण किती चुकतो हेंही ठाऊक पाहिजे. यासाठीं सफीर आपल्या प्रत्येक फेरींत दोन ठिकाणीं पाहून घेई: एकदां आपल्याच आंतील, तपमान ठाऊक असलेल्या ऊन वस्तूकडे, आणि एकदां अतिशीत अशा रित्या आकाशाकडे. या दोन ज्ञात खुणांवरून मधल्या मापनाचा खरेपणा ताडतां येई. उपग्रहाची प्रकृति पाहणें आणि त्याच्या शब्दाची पारख करणें या दोन्ही गोष्टी अशा रीतीनें हातांत हात घालून चालत.

तीन वर्षांसाठीं गेलेल्या या उपग्रहानें २०२१ पर्यंत, म्हणजे सुमारें दहा वर्षें, उपयुक्त मापनें पुरविलीं. त्यानंतर जो प्रश्न उभा राहिला तो अधिक कठीण होता. काम संपलेला उपग्रह तसाच सोडून दिला असतां तर त्या उंचीवर तो १०० वर्षांहून अधिक काळ फिरत राहिला असता. त्याच्या टांकींत सुमारें १२५ किलोग्रॅम इंधन उरलें होतें. त्याचा स्फोट होऊन तुकडे विखुरण्याचें भय होतें. निरुपयोगी उपग्रह २५ वर्षांच्या आंत कक्षेंतून दूर करावा असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. अडचण ही कीं मेघा-ट्रॉपिक्सची रचना करतांना त्याला असें ठरवून खालीं आणण्याची योजनाच केलेली नव्हती.

येथें इतक्या वर्षांच्या नोंदी उपयोगी पडल्या. टांकींत डोकावून इंधन पाहतां येत नाहीं. दाब, तपमान आणि प्रत्येक वेळीं जाळलेल्या इंधनाचा हिशेब यांवरून शिल्लक काढावी लागते. ती शिल्लक सुरक्षितपणें खालीं आणण्यास पुरेशी आहे असें गणित निघालें. परंतु उपग्रह आतां जुना झाला होता. कित्येक अंगांच्या जोड्या मोडल्या होत्या, कांहींचें कार्य मंदावलें होतें. आणि ज्या उंचीसाठीं तो घडविला होता त्याहून फार खालीं, अधिक दाट हवेंत, त्याला तोल सांभाळावा लागणार होता. माणसें राहतात अशा अंतराळस्थानकांच्या वाटेंत तो येऊं नये, याचीही दक्षता घ्यावयाची होती. कोणतें अंग किती ताण सोशील हें त्याच्या रोजच्या वृत्तावरूनच ठरवावें लागलें.

ऑगस्ट २०२२ पासून वीस टप्प्यांनीं, सुमारें १२० किलोग्रॅम इंधन वेंचून, त्याच्या कक्षेचें खालचें टोक हळूहळू उतरविण्यांत आलें. ७ मार्च २०२३ रोजीं, महाराष्ट्रांत धुळवड चालूं असतां, बंगळूरुहून अखेरच्या आज्ञा गेल्या. दुपारीं ४ वाजून ३२ मिनिटांनीं आणि सायंकाळीं ६ वाजून २१ मिनिटांनीं, दोन्ही वेळां सुमारें वीस मिनिटें, त्याचे चार लहान झोतयंत्र पेटले. शेवटच्या दूरमापनावरून तो दाट वातावरणांत शिरल्याची खात्री झाली. पॅसिफिक महासागराच्या ज्या निर्मनुष्य भागावर त्याला उतरवावयाचें ठरलें होतें, तेथेंच त्याचा अंत झाला. ज्या यंत्रानें अकरा वर्षें आपल्या प्रकृतीचें वृत्त कळविलें, त्यानें अखेरच्या क्षणींही तें कळविलें.

शिरूर कासारच्या शेतकऱ्याला या उपग्रहाचें नांवही कदाचित् ठाऊक नसेल. परंतु त्याच्या शिवारावर येणाऱ्या ढगांचा माग काढणाऱ्या साखळींत समुद्रावरचें बाष्प मोजणारा उपग्रह हें एक टोक आहे आणि मंडळांतील पर्जन्यमापक हें दुसरें. सकाळीं साडेआठ वाजतां पावसाची नोंद करणारा माणूस जेव्हां भांड्याचें तोंड स्वच्छ आहे, तें कललेलें नाहीं, हें आधीं पाहतो आणि मगच आंकडा लिहितो, तेव्हां तोही बंगळूरुच्या पाळीवर बसलेल्या माणसाचेंच काम करीत असतो. या कामाला टाळ्या मिळत नाहींत. परंतु ज्या दिवशीं तें चुकतें, त्या दिवशींचा पाऊस ज्याच्या शेतावर पडला त्याच्या पदरीं येत नाहीं.