माननीय परिषदाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, गावोगावहून आलेले सागरी जीवशास्त्रज्ञ आणि रत्नागिरीकर बंधुभगिनींनो,

लोकमान्य टिळकांच्या जन्मगावी मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. ब्रह्मदेशाचा हद्दपार राजा थिबा याने अखेरची वर्षे इथेच काढली. १९१० साली पूर्ण झालेला त्याचा राजवाडा आपल्याला आज संध्याकाळी दाखवणार आहोत. आमचे नगर वाचनालय १८२८ चे, तेही अवश्य पाहा.

पण रत्नागिरी म्हटले की माझ्या मनात पहिले नाव येते ते भागोजीशेठ कीर यांचे. लहानपणी उंडीची फळे वेचून विकणारा हा मुलगा पोटासाठी मुंबईला गेला आणि बांधकामाचा मोठा ठेकेदार झाला. मिळवलेले त्यांनी समाजाला परत दिले. दादरच्या स्मशानभूमीला त्यांचे नाव आहे, पण ते कोण होते हे तिथे जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर १९३१ साली उभे राहिले, ते सावरकरांच्या प्रेरणेने आणि शेठजींच्या पैशाने. या सभागृहातल्या प्रत्येक तरुणाने त्यांचे चरित्र वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता आपल्या विषयाकडे वळतो. मी बागायतदार माणूस, तरी परिषदेच्या निमित्ताने ‘टॅनिंजिया सिलासी’ या म्हाकळाविषयी वाचले आणि थक्क झालो. केरळात कोल्लमसमोर, सुमारे ३९० मीटर खोलीवर तो सापडला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतले डॉ. सजिकुमार आणि डॉ. गीता शशिकुमार यांनी २०२५ मध्ये ही नवी जात म्हणून नोंदवली आणि संस्थेचे माजी संचालक डॉ. सिलास यांचे नाव तिला दिले. आमच्या मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या म्हाकळाला आठ हात आणि भक्ष्य पकडायच्या दोन लांब सोंडा असतात. टॅनिंजियाच्या कुळातल्या प्राण्यांच्या सोंडा मात्र मोठेपणी उरत नाहीत, आठ हातच राहतात. म्हणून त्यांना ऑक्टोपस म्हाकूळ म्हणतात. हातांवर चोषकांच्या जागी अणकुचीदार आकडे असतात. दुसऱ्या जोडीच्या हातांच्या टोकाला प्रकाश देणारे अवयव असतात. याच्या भावंडाने भक्ष्यावर झडप घालताना हे दिवे लखलखवले, ते जपानी संशोधकांनी खोल समुद्रात टिपले आहे. आपल्या म्हाकळाचे नुसते धड ४५ सेंटिमीटरचे. या वंशात तोवर ते भावंडच काय ते ठाऊक होते. मात्र कल्ले आणि चोच वेगळी दिसली, डीएनएत अकरा टक्क्यांहून अधिक फरक निघाला, तेव्हा ही जात निराळी ठरली.

हा म्हाकूळ सापडला तो समुद्र आमचाच अरबी समुद्र आहे. जाळ्यात काही अनोळखी आले तर आमचे खलाशी ते बाजूला टाकतात, कारण त्याला गिऱ्हाईक नसते. म्हणून उद्या पहाटे बंदरावर तांडेलांशी आपली भेट ठेवली आहे. शास्त्रज्ञांनी त्यांना विचारावे आणि त्यांनी मोकळेपणाने सांगावे. ही परिषद रत्नागिरीत भरवण्याचा हट्ट मी धरला तो एवढ्याचसाठी.

व्यवस्थेत उणिवा आहेत. खोल्या पुरल्या नाहीत, म्हणून काही पाहुण्यांची सोय घरोघरी केली आहे. रात्री वीज गेली तर क्षमा असावी, जनरेटर एकच आहे. हंगाम नसल्याने हापूस देता येत नाही याचे फार वाईट वाटते. सोलकढी आणि उकडीचे मोदक मात्र पोटभर आहेत, शाकाहारी पंगत वेगळी आहे.

मच्छीमार बांधवांनी सुरमई दिली, बर्फ कारखानदारांनी बर्फ, बागायतदारांनी वर्गणी. मंडपवाले, आचारी, रात्रभर खुर्च्या मांडणारी महाविद्यालयातली मुले, घरे उघडून देणाऱ्या माउल्या आणि नाव न छापण्याच्या अटीवर मोठी देणगी देणारे गृहस्थ, सर्वांचा मी ऋणी आहे.

जेवण साडेबाराला आहे. परिषदाध्यक्षांनी आता दीपप्रज्वलन करावे, अशी मी विनंती करतो.