नागरिकत्वाची परीक्षा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी मी १०० प्रश्न मुखोद्गत केले होते. अधिकारी तोंडी १० विचारी. ६ उत्तरे बरोबर आली की पुरे. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जदारांस १२८ प्रश्न अभ्यासून २० पैकी १२ उत्तरे बरोबर द्यावी लागतात.

तेथील संविधानाचा आरंभ लोकांच्या नावाने होतो, हे पाठ करिताना मला आपल्या संविधानाची आठवण झाली. परकीय नागरिकत्व स्वीकारताच १९५५ च्या कायद्यान्वये भारतीय नागरिकत्व संपते. ते संपण्याच्या बेतात असताना मी आपले संविधान प्रथम उघडले. त्याचाही आरंभ तसाच! मान लज्जेने खाली गेली.

आपल्या मुलांवर ही पाळी न येवो. ती परदेशी जाण्यापूर्वीच घरोघरी संविधानाचे वाचन व्हावे, एवढीच नम्र विनंती.