लोकसंग्रहाची तीन साधने : क्रीडा, कला आणि तंत्र
(स्नेहलतागंज, इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर झालेले भाषण)



स्नेहलतागंज, मनोरमागंज, तुकोगंज ही इंदुरातील वस्त्यांची नावे होळकरकाळाची खूण जपून आहेत. ते राज्य इतिहासजमा झाले; परंतु माणसे जोडण्याची जी रीत या नगरीत रुजली, ती आजही विचारात घेण्याजोगी आहे.

प्रथम क्रीडेचा विचार करू. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ साली होळकरांच्या निमंत्रणावरून इंदुरास आले. मुश्ताक अली इंदूरचेच. चंदू सरवटे यांचा जन्म सागरचा. भाषा, धर्म आणि प्रांत भिन्न असलेले हे खेळाडू होळकर संघात एकत्र आले. १९४१-४२ ते १९५४-५५ या चौदा हंगामांत या संघाने रणजी करंडकाची अंतिम फेरी दहा वेळा गाठली आणि चार वेळा विजेतेपद मिळविले. मार्च १९४५ मध्ये मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात तर लष्करी नोकरीनिमित्त महूस असलेला इंग्रज खेळाडू डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. देश इंग्रजी सत्तेशी झुंजत असतानाचा तो काळ. कॉम्प्टनने नाबाद २४९ आणि मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली. तरीही होळकर संघ ३७४ धावांनी हरला. परंतु पुढे स्मरणात राहिली ती त्या झुंजीची गोष्ट.

कलेचीही हकीकत अशीच आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली येथे चित्रकला विद्यालय सुरू केले. ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर हे सारे तेथे घडले. वाळकी पाने, काटक्या, टाकाऊ वस्तू यांतून चिंचाळकर गुरुजी आकृती साकारीत. कलेसाठी धन नव्हे, दृष्टी लागते, ही जाण त्यांनी सामान्यांपर्यंत नेली.

तंत्राचे कार्य याहून निराळे. ते अंतर मिटविते. ज्यांना मैदानात प्रवेश मिळत नसे, त्यांच्यापर्यंत आकाशवाणीने मैदान नेले. इंदूरचे सुशील दोशी यांनी हिंदीतून आणि बाळ ज. पंडित यांनी मराठीतून क्रिकेटचे धावते समालोचन लोकप्रिय केले. त्यामुळे इंग्रजी न जाणणाराही या खेळाचा जाणकार झाला. शिवाय रेडिओ घरोघरी नसे. ज्याच्याकडे तो असे, त्याच्या ओसरीवर गल्ली गोळा होई. माणसे एकत्र आली ती यंत्रामुळे, हे खरे. पण त्यांना तेथे बसवून घेतले ते घरधन्याच्या अगत्याने.

आज यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. सामना, नाटक, गाणे हवे तेव्हा उपलब्ध होते. मात्र एकाच घरातील चार माणसे चार पडद्यांपुढे बसतात. दोष यंत्राचा नव्हे. परदेशी गेलेला मुलगा आईला रोज दिसतो, तोही त्याच यंत्रामुळे. उणीव आहे ती ओसरीची. महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाला ती अधिक जाणवते. कारण पुढल्या पिढीच्या कानी मराठी पडायची, ती अशा एकत्र बसण्या-खेळण्यातूनच.

जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला नमवून प्रथमच रणजी करंडक जिंकला. संघाचे प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित होते, तर अंतिम सामन्यातील शतकवीरांपैकी एक इंदूरचा रजत पाटीदार होता. १९४५ सालीही अंतिम सामन्यात समोर मुंबईच होती. परक्या गावचा गुणी माणूस आपला मानण्याची जुनी रीत येथे पुन्हा फळास आली.

शासन मैदान राखू शकते, सभागृह उभारू शकते, प्रक्षेपणाची सोय करू शकते. शेजाऱ्याला हाक मारून तेथे घेऊन जाणे मात्र नागरिकांच्याच हाती आहे. स्नेहलतागंजातील प्रत्येक घराने महिन्यातून एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवली, तरी ती ओसरी पुन्हा भरेल.