खाऱ्या पाण्याचे अचूक माप

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांच्या गोड्या पाण्यावर येथील धान व मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे घरी वा शाळेत सागरी मासे पाळावयाचे, तर सागरी मीठमिश्रण विरघळवून पाणी तयार करावे लागते. तेथे अंदाज चालत नाही.

एक किलोग्रॅम समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात टाकीतील पाण्याची वाफ होते. क्षार मागेच राहतात व खारेपणा वाढून मासे दगावू शकतात. म्हणून घट भरून काढताना गोडेच पाणी घालावे.

मापनासाठी हायड्रोमीटर वापरल्यास तो स्वच्छ असावा, त्यास बुडबुडे चिकटलेले नसावेत आणि वाचन पाण्याच्या सपाट पातळीवर घ्यावे. तो ज्या तापमानासाठी आखलेला असेल, त्याच तापमानास त्याचे माप खरे. रिफ्रॅक्टोमीटरने शुद्ध पाण्यात शून्य दाखविणे पुरेसे नाही. ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळविल्यास त्या द्रावणाचे वक्रीभवन ३५ खारेपणाच्या समुद्रजलाइतके असते. त्यात यंत्राने ३५ दाखविले पाहिजेत. हे द्रावण केवळ पडताळणीसाठी आहे, माशांसाठी नव्हे.

हा प्रयोग शाळेत सहज करता येईल. मात्र टाकीतून काढलेले खारे पाणी बोडीत किंवा धानाच्या बांधीत कदापि सोडू नये. वाफेने पाणी जाते, मीठ मातीत राहते, हाच या मापनाचा गावासाठी धडा होय.