आजीने पाहिलेली कमाटीबाग

प्राणिसंग्रहालयातून परतलेल्या मुलाला “काय पाहिलेस?” असे विचारावे, तर एका दमात यादी ऐकावयास मिळते : वाघ, माकड, अस्वल, आइस्क्रीम. आमच्या घरचीही रीत हीच होती. गेल्या फाल्गुनातील एका रविवारी ती मोडली, आणि मोडली ती माझ्या आईमुळे.

आम्ही बडोद्याचे. सयाजीबाग आमच्या तोंडी अजून कमाटीबागच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ती उभी केली. विश्वामित्री नदी तिच्यामधून वाहते आणि प्राणिसंग्रहालय नदीच्या दोन्ही तीरांवर पसरले आहे. आईचे बालपण याच गावात गेले. बागेतली वाट न् वाट तिला पाठ; परंतु आता उजेड आणि सावली यांपलीकडे तिला फारसे दिसत नाही. तिला न्यावे की नाही, याचा विचार मी दोन दिवस करीत होतो. पत्नीने दशम्यांचा डबा बांधला, तेव्हा आईच म्हणाली, “मी येते. काय दिसते ते नातू सांगेल मला.”

नातवाने आरंभ नेहमीप्रमाणे केला. “आजी, हरणे!”

“ठिपक्यांची का रे? शिंगे कशी आहेत?”

पुढे धावणारा मुलगा थांबला. जाळीपाशी बराच वेळ उभा राहून म्हणाला, “एकाची टोकदार आहेत. दुसऱ्याची बोथट, आणि त्यांवर मखमलीसारखी लव आहे.”

“नवी शिंगे वाढताहेत त्याची. वाढ पुरी झाली की ती कातडी गळून पडेल.”

मी या बागेत लहानपणापासून येतो आहे. ती लव मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

दुपार चढू लागली तेव्हा आम्ही पुलावर आलो. खाली, पिंजऱ्याबाहेरच्या मोकळ्या नदीच्या काठावर, एक मगर पडली होती.

“आजी, मगर! पण मेलेली दिसते.”

“तोंड मिटलेले आहे की उघडे?”

“आ वासला आहे.”

“मग जिवंत आहे. अंग तापले की ती जबडा उघडून उष्णता बाहेर टाकते.”

शेजारची काही मुले ती हलावी म्हणून खडे मारीत होती. खरे सांगावयाचे, तर आमच्या चिरंजीवांना गंमत दाखवावी म्हणून मीही एक खडा उचलला होता. तेवढ्यात आईने मान वळविली. पाण्यात पडणारे खडे तिला ऐकू आले होते. “कोण मारते आहे?” ती म्हणाली. “हे त्यांचे अंडी घालण्याचे दिवस. काठाच्या मातीत खड्डा करून मादी अंडी पुरते आणि पिले निघेपर्यंत राखण करते. पिलांचा आवाज आला की माती उकरते, आणि त्यांना जबड्यात धरून अलगद पाण्यात नेते.”

मुलांचे हात थांबले. माझ्या हातातला खडा आईला दिसला नव्हता. तो मी हळूच खाली ठेवला.

त्या रात्री घरी यादी झाली नाही. मुलगा मगरीचेच सांगत राहिला, आणि ज्येष्ठात, पिले निघण्याच्या सुमारास, पुन्हा जावयाचे असे वचन त्याने आजीकडून घेतले. माझ्याकडे रिक्षा आणण्याचे काम आहे. “मला काय दिसणार?” असे आई एकदाही म्हणाली नव्हती. ती शंका माझीच होती.