स्वागताध्यक्षांचे भाषण : आभाळाखालचा समुद्र

सन्माननीय अध्यक्षमहाशय, दूरदूरच्या प्रांतांतून आलेले संशोधक, मिरकरवाड्याची तांडेल मंडळी आणि रत्नागिरीकर बंधुभगिनींनो,

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचे माहात्म्य गावे आणि अभ्यागतांनी ते सोसावे, असा या पदाचा शिरस्ता आहे. परंतु सागर आणि हवामान यांचा विचार करण्यासाठी जमलेल्या विद्वज्जनांना हापूसच्या किंवा थिबा राजवाड्याच्या वर्णनात गुंतवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि आंब्याचा मोसम नसल्यामुळे ते सोयीचेही नाही.

हवामानाची गोष्ट निघाली की आपण सारे वर आभाळाकडे पाहतो. वस्तुतः त्या आभाळाचे बहुतेक व्यवहार खाली पाण्यात ठरत असतात. साऱ्या वातावरणाचे तापमान एका अंशाने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी समुद्राचा वरचा केवळ सुमारे तीन मीटरांचा थर तितकाच तापवण्यात खर्ची पडते, आणि समुद्राची सरासरी खोली तर ३,७०० मीटरांच्या आसपास आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण पृथ्वीवर जी जादा उष्णता कोंडली, तिच्यातील ९० टक्क्यांहून अधिक या पाण्याने पोटात घेतली, आणि आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चतुर्थांशही. हा भरणा निमूटपणे झाला म्हणून वसुली माफ झाली, असे मात्र नव्हे. पाणी तापून फुगते आहे, त्याची आम्लता वाढते आहे.

आभाळ आणि पाणी यांच्या या नात्याचा विचार करताना गिल्बर्ट वॉकर यांचे स्मरण होते. १८९९ च्या अवर्षणाने देश होरपळल्यानंतर काही वर्षांतच, म्हणजे १९०४ साली, हिंदुस्थानच्या वेधशाळा खात्याची सूत्रे या केंब्रिजच्या गणितज्ञाकडे आली. आपला मोसमी पाऊस आगाऊ कसा ओळखावा, या विवंचनेत त्यांनी जगभरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रशांत महासागरावरील हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावरील उतरतो आणि तिकडे उतरला की इकडे चढतो, असा एक विलक्षण हेलकावा त्यांना आढळला. त्यामागचे कारण मात्र त्यांच्या हाती लागले नाही, कारण ते दाबाच्या आकड्यांत नव्हते, पेरूच्या किनाऱ्यापासून विषुववृत्ताच्या बाजूने पसरणाऱ्या उष्ण पाण्यात होते. दाब आणि पाणी यांची सांगड याकोब ब्यर्कनेस यांनी १९६० च्या दशकात घातली. पेरूच्या कोळ्यांना त्या पाण्याचा परिचय पूर्वीपासून होता. दोघांची गाठ पडली असती तर वॉकरसाहेबांचे कष्ट कितपत वाचले असते, कोण जाणे!

आमचा अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानाने सौम्य समजला जाई. तोही आता तापत चालला आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोलीच्या माडापोफळींच्या ज्या बागा भुईसपाट केल्या, त्या पुन्हा फळावर येईपर्यंत लावणाऱ्याच्या उमेदीची कित्येक वर्षे सरणार. वादळाचे बळ पाण्याच्या उबेवर पोसते, हे आमच्या बागायतदारांना कोणी पोथीतून शिकवावे लागले नाही.

मोजणी मात्र आता वॉकरांच्या काळासारखी तोकडी राहिलेली नाही. सुमारे चार हजार आर्गो तरंडे जगभरच्या समुद्रांत दोन हजार मीटर खोलवर बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येतात आणि आपली कैफियत उपग्रहांना सादर करतात. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १९६६ साली स्थापन झालेली आमच्या शेजारच्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था याच पाण्याचा अभ्यास करीत आहे. परंतु बांगडा कोणत्या साली उशिरा आला, तारली कोठे नाहीशी झाली, वारा कोणत्या पंधरवड्यात दिशा चुकला, याची नोंद ज्यांच्या केवळ स्मरणात आहे, ती मंडळी आजवर अशा परिषदांच्या मंडपाबाहेरच राहिली. म्हणून उद्या दुपारची संपूर्ण बैठक तांडेलांसाठी राखून ठेवली आहे. सकाळचे निबंधवाचन लांबवून तिच्यावर अतिक्रमण करू नये, अशी विद्वज्जनांना स्वागत समितीची नम्र परंतु ठाम विनंती आहे.

निवास-भोजनात काही उणीव आढळल्यास ती चिटणिसांच्या नजरेस आणावी. अध्यक्षमहाशयांनी आता स्थानापन्न होऊन परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा.